बंद खोक्याचे शिक्षण

मुंबई–हावडा लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपता संपता दरेकसा हे स्थानक लागते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेले हे गाव. जवळच हाजरा फॉल आहे. कचारगडच्या गुहा आहेत, जेथे माघी पौर्णिमेला गोंड समाज अनेक राज्यांतून जमतो. इंग्रजी अमदानीत डोंगर फोडून काढलेल्या बोगद्यातून आज विजेच्या गाड्या धावतात. बहुतेक येथे थांबत नाहीत. वर्तमानपत्रांतून हे नाव वर्षानुवर्षे आले ते एका सशस्त्र दलमचे नाव म्हणून. इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षणाची चर्चा अशा गावापासून सुरू करणे काही वाचकांस विचित्र वाटेल. आमच्या मते ती येथूनच सुरू व्हावयास हवी; कारण ह्या विद्येची उपकरणे दरेकशात पोहोचलेली आहेत, विद्या तेवढी पोहोचलेली नाही.

उपकरणे कोणती? रेशन दुकानातले अंगठा घेणारे यंत्र, अंगणवाडीताईच्या हातातला फोन, शेतातला सौर पंप, धान मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा. रोजगार हमीच्या कामावरचा हजेरीपट पूर्वी कागदाचा असे आणि तो मोठ्याने वाचून दाखविता येत असे. वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह हजेरी घेणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले, तेव्हापासून मजुराने दिवसभर माती उपसली किंवा नाही ह्याची साक्ष यंत्र देऊ लागले. मजुरी, शिधा आणि शेतमालाची किंमत ह्या तिन्ही गोष्टी आज कोणत्या ना कोणत्या बंद खोक्यातून मोजल्या जातात. खोक्यात काय आहे हे मोजला जाणाऱ्यास ठाऊक नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ते मोजणाऱ्यासही ठाऊक नसते, आणि जो ही विद्या शिकून प्रमाणपत्र घेऊन आला त्यासही नसते. आमचा मुद्दा ह्या तिसऱ्या माणसाविषयी आहे.

गेल्या धानाच्या हंगामात कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरासाठी आम्ही ह्या पट्ट्यात होतो. एका साथीने आम्हांला खरेदी केंद्रावर नेले. एका शेतकऱ्याच्या धानाचा ओलावा मापकाने अठराच्या वर दाखविला. त्याने हुज्जत घातली म्हणून त्याच कट्ट्यातले दाणे पुन्हा घातले, तर आकडा सतराच्या आत आला. तिसऱ्यांदा घालण्याचे धाडस कोणी केले नाही. नोंदवहीवर एक तरुण बसला होता. दरेकशाजवळच्या एका टोल्यावरचा, घरातला पहिला शिकलेला, इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक. हंगामापुरते लिहिण्याचे काम त्याला मिळाले होते. हे यंत्र ओलावा ओळखते कसे, असे आम्ही त्याला विचारले. तो ओशाळला. म्हणाला, "सर, कपॅसिटर आम्हांला सिलॅबसला होता. पण हे मशीन नव्हतं."

हे वाक्य आम्ही त्या तरुणाची चेष्टा करण्यासाठी नोंदवीत नाही. त्याचा गुन्हा काही नाही. किंबहुना आमच्या तांत्रिक शिक्षणाचे इतके अचूक परीक्षण आम्ही कोणत्याही आयोगाच्या अहवालात वाचलेले नाही.

कारण ते यंत्र म्हणजे कपॅसिटरच होय. दोन धातूचे पत्रे समोरासमोर ठेवले, तर त्यांच्यात विद्युतभार साठतो. किती साठतो हे मधल्या पदार्थावर अवलंबून असते. पाण्याचा ह्या बाबतीतला गुणांक ८० च्या आसपास आहे, कोरड्या दाण्याचा त्या मानाने फारच थोडा. म्हणून धान जितके ओले तितकी पत्र्यांची साठवण अधिक. बहुतेक मापकांत हेच तत्त्व असते. पुढे ह्या साठवणीचा आकडा ओलाव्याच्या टक्क्यांत बदलावा लागतो, आणि खरी मेख तेथे आहे. धान बारीक आहे की जाड, दाणे गच्च भरले की सैल, उन्हातून आणले की सावलीतून, ह्या सगळ्याने आकडा हलतो. म्हणून यंत्राची पारख अधूनमधून व्हावी लागते : दाणे दळून भट्टीत १३० अंशांच्या आसपास वाळवायचे, वजन किती घटले ते पाहायचे आणि त्याच्याशी यंत्राचा आकडा ताडायचा. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कळणार नाही असे ह्यात काही नाही.

आमचा विषय अर्थशास्त्र. तेव्हा हिशेब आम्ही आमच्या परीने करून पाहिला. आधारभूत खरेदीसाठी धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. समजा, शेतकऱ्याचे धान बरोबर १७ टक्क्यांचे आहे आणि यंत्र दोन टक्के चढे दाखविते. त्याला सांगितले जाते, वाळवून आणा. तो खळ्यावर पुन्हा वाळवतो आणि यंत्र १७ दाखवीपर्यंत, म्हणजे प्रत्यक्षात १५ टक्क्यांपर्यंत, वाळवतो. शंभर किलोतले ८३ किलो कोरडे द्रव्य तेवढेच राहते. पण वजन ९७ किलो ६५० ग्रॅमवर येते. क्विंटलमागे २ किलो ३५० ग्रॅम उडाले, तेही हवेत. चाळीस क्विंटलांस ते ९४ किलो होतात. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये ठरली; त्या भावाने हे सव्वादोन हजार रुपये. शिवाय दोनदा गाडीभाडे आणि दोन दिवसांची मजुरी. ह्यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. लबाडी केली असती तर तिच्याविरुद्ध मोर्चा काढता आला असता. बिघडलेल्या पारखीविरुद्ध मोर्चा कसा काढणार? तेथे माहीतगार माणूसच लागतो, आणि तो माणूस तेथेच, नोंदवही लिहीत बसलेला होता.

असे का व्हावे? ज्यांनी अलीकडे एखाद्या सामान्य तंत्रमहाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहिली असेल त्यांना उत्तर ठाऊक आहे. तेथे 'ट्रेनर किट' नावाची एक पेटी असते. सर्किट आधीच जोडून आत बंद केलेले असते. वर चित्र छापलेले. चित्रातल्या भोकांत चार वायरी खोचायच्या, बटण दाबायचे, आकडे उतरवून घ्यायचे. ही पेटी सहसा चुकत नाही, आणि हाच तिचा मोठा दोष आहे. सर्किट चालले नाही म्हणजे मल्टिमीटर घेऊन एकेक टोक तपासणे, सोल्डरिंगचा कच्चा टाका शोधणे, उलटा बसवलेला डायोड सापडणे, त्यात दुपार जाणे आणि संध्याकाळी ते एकदम चालू होणे, ह्यालाच इलेक्ट्रॉनिक्स शिकणे म्हणतात. ज्या पेटीत बिघाडाला जागाच नाही तिच्यातून बिघाड काढणारा माणूस कसा तयार व्हावा? पेटीही तीस मुलांत चार. हात एकाचा, बाकीचे पाहणारे. मग येते जर्नल. गेल्या वर्षीच्या मुलाचे जर्नल उतरवून काढायचे, आलेख आधी काढायचा आणि आकडे त्यावरून मागाहून भरायचे, हा महाराष्ट्रातला इतका रूढ संप्रदाय आहे, की त्याला कोणी फसवणूक म्हणतदेखील नाही. बाहेरचा परीक्षक येतो, चहा होतो, गुण पडतात. आम्ही स्वतः आयुष्यभर शिकवीत आलो. परीक्षक म्हणून असा चहा आम्हीही घेतलेला आहे. अर्थशास्त्रात प्रात्यक्षिक नसते एवढाच आमचा बचाव.

ह्याला इतिहास आहे, आणि तो मुख्यतः पैशाचा आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. ग्रामीण भागात तांत्रिक शिक्षण गेले हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण शिक्षण जेव्हा शुल्कावर चालते तेव्हा खर्च कोठे वाचवायचा हे संस्थाचालकांस शिकवावे लागत नाही. इमारत दिसते, प्रवेशद्वार दिसते. जळालेले ट्रान्झिस्टर दिसत नाहीत. प्रयोगशाळा ही वस्तू जाळणारी, मोडणारी, सतत नवे साहित्य मागणारी जागा आहे. तिथला कारागीर-साहाय्यक कायम नोकरीत लागतो. तेव्हा काट मारली गेली ती साहित्यावर आणि साहाय्यकावर. पुढे ही काट सरकारी संस्थांतही आली. तेथे तिचे नाव 'रिक्त पदे' असे आहे.

ह्याउलट, ज्या काळाला आज 'परमिट राज' म्हणून हिणविले जाते त्या काळात गावोगावच्या बाजारपेठांत रेडिओ दुरुस्तीची दुकाने होती. पुष्कळ रेडिओंबरोबर सर्किटची आकृती छापलेला कागद येई. मॅट्रिक नापास मुलगा तो कागद लावून रेडिओ उघडी आणि बरोबर दोष काढी. आम्ही त्या काळाचे गोडवे गात नाही; समाजवाद्यांनी त्या राजवटीवर जितकी टीका केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. पण वस्तू उघडण्याचा प्रघात होता, आणि विद्या त्या प्रघाताबरोबर फिरत होती. आजची वस्तू उघडली की हमी रद्द होते. शिकण्याची पहिली पायरीच करारभंग ठरावी, ह्यावर शिक्षणतज्ज्ञांनी विचार करावा.

येथे एक आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हाताने शिकण्याची गोष्ट गरिबांच्या मुलांनाच का सांगता? १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिची योजना केली, तेव्हा दलित आणि श्रमिक कुटुंबांत तिच्याविषयी संशय होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी हातकाम मारले गेले त्यांच्या मुलांना शाळेतही पुन्हा चरखाच का, हा प्रश्न खोटा नव्हता. जातिव्यवस्थेने कामे वाटली नाहीत, माणसेच वाटून टाकली, हे १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिले होते. हाताचे ज्ञान एकाकडे आणि पोथी दुसऱ्याकडे ही वाटणी आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. पेटीत वायर खोचून जर्नल सुबक अक्षरात लिहिणारा अभियंता हा तिचाच आधुनिक वंशज होय. म्हणून आमची मागणी हस्तव्यवसायाची नाही. ज्याचा हात यंत्रात आहे त्यालाच त्याचे गणित आले पाहिजे, आणि ज्याला गणित येते त्याने हात काळे केले पाहिजेत. दोहोंपैकी एक वगळून जे कोणी 'कौशल्य विकास' म्हणून पुढे करील, ते स्वस्त मजूर घडविण्याचे साधन आहे असे समजून त्याला विरोध करावा. कारखान्यात शिकाऊ म्हणून घेऊन वर्षभर एकच स्क्रू आवळायला लावणे हेदेखील कागदोपत्री प्रत्यक्ष अनुभवाचे शिक्षणच असते!

हे होऊ शकते काय? झालेले आहे, आणि महाराष्ट्रातच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे अवर्षणग्रस्त गाव. डॉ. कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पत्नी मीराताईंसह येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तो चालला भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून. ही संस्था काढणारे जे. पी. नाईक, १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिवही तेच, आणि 'कार्यानुभव' हा शब्द त्याच आयोगाने शाळेत आणला. शाळांतून त्या कार्यानुभवाचे कागदी फुले आणि पोस्टाच्या पाकिटांत काय झाले ते आपण जाणतोच. कलबागांनी तो गंभीरपणे घेतला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. आठवड्याचा एक दिवस त्यासाठी. शिकविणारे गावातलेच कसबी लोक. आणि मुख्य म्हणजे काम लुटुपुटीचे नाही, गावाला उपयोगी पडेल असे. वेल्डिंग करायचे तर कोणाचे तरी फाटक दुरुस्त व्हायचे, विजेची जोडणी करायची तर ती खऱ्या घरात. हा अभ्यासक्रम माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाने मान्य केला. शाळा सोडलेली मुले तेथे शिकली. अमेरिकेच्या एमआयटी ह्या संस्थेने संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांची 'फॅब लॅब' ही प्रयोगशाळा बाहेर नेण्यास सुरुवात केली तेव्हा, २००२ साली, त्यांतली अगदी पहिल्यांपैकी एक पाबळला आली. पुण्याला नव्हे, मुंबईला नव्हे. डॉ. लोहिया लहान यंत्राविषयी जे बोलत असत ते ज्यांना स्वप्नरंजन वाटले, त्यांनी एकदा तेथे जाऊन यावे.

दुसरे उदाहरण आय. आय. टी. मुंबईचे. सौर अभ्यासदिव्यांच्या तिच्या योजनेत मध्य प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या ग्रामीण भागांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत दहा लाख दिवे पोहोचले. ते जोडले आणि दुरुस्त केले ते त्याच भागांतल्या प्रशिक्षित स्त्री-पुरुषांनी. ज्यांनी पदविकेचे नाव ऐकले नव्हते त्यांनी सर्किटची पट्टी सोल्डर केली. तेव्हा आदिवासी मुलाला हे झेपेल काय, असा प्रश्न आता कोणी विचारू नये.

प्रश्न उरतो तो उदाहरणे उदाहरणेच का राहतात हा. पाबळला चाळीस वर्षे उलटून गेली. आमच्या राज्यकर्त्यांना आदर्श फार आवडतात. आदर्शाला भेट देता येते, तो राबवावा लागत नाही.

दरम्यान वारे दुसरीकडून वाहू लागले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. चिप आराखड्याच्या क्षेत्रात ८५ हजार अभियंते घडविण्याचा कार्यक्रम त्यानंतर आला. २०२३ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्यासाठी नवे अभ्यासक्रम काढले. ह्याला आमचा विरोध नाही. परावलंबी राष्ट्र कोणाचेच भले करीत नाही, आणि मोहालीचा सरकारी चिप कारखाना १९८९ च्या आगीनंतर रेंगाळला त्याची किंमत देशाने मोजलेली आहे. पण ८५ हजारांची निवड होते तेव्हा उरलेल्या लाखांचे काय, हे कोणी सांगत नाही. उत्तम प्रयोगशाळा निवडक संस्थांना आणि बाकीच्यांना संगणकाच्या पडद्यावरची आभासी प्रयोगशाळा, अशी वाटणी होताना आम्हांला दिसते. आभासी प्रयोग टाकाऊ नाहीत. पेटीत हात घालण्यापूर्वी पडद्यावर जोडून पाहणे शहाणपणाचेच आहे. मात्र पडद्यावरचा टाका कधी कच्चा राहत नाही, आणि पडद्यावर धान ओले होत नाही.

अभ्यासक्रमाच्या पुस्तिका तितक्या वाईट नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ च्या आणि २०२३ च्या योजनांत छोटे प्रकल्प घातले आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की ह्या प्रकल्पांचे विषय तालुक्यातून यावेत. आज विद्यार्थी बाजारातून तयार प्रकल्प विकत आणतो आणि सादर करतो. त्याऐवजी गोंदियाच्या मुलाने ओलावामापक करावा. ५५५ नावाची आठ पायांची चिप १९७२ पासून बाजारात आहे, दहा-पंधरा रुपयांत मिळते. दोन पत्रे, दोन-चार रेझिस्टर, एक बॅटरी. मधल्या धानाच्या ओलाव्याप्रमाणे कंपनांची संख्या बदलते, ती मोजायची. मग तालुक्यातल्या वाणांचे दाणे भट्टीत वाळवून आपले कोष्टक आपण तयार करायचे. चिप, गणित, शेती आणि कायदा हे चारही त्यात आले. गुण द्यायचे ते जर्नलच्या अक्षराला नव्हे, तर कोष्टक खऱ्याशी किती जुळते त्याला.

त्या केंद्रावरच्या तरुणाने हे करून पाहिले. तेलाच्या डब्याचे दोन पत्रे कापून त्याने जुळणी केली आणि महिन्याभराने आम्हांला दूरध्वनीवर कळविले, की यंत्र वेडे आहे : हात जवळ नेला तरी आकडा बदलतो. आम्हांला ह्यात काय कळणार! एका पदार्थविज्ञानाच्या निवृत्त मित्राला विचारले. तो म्हणाला, हातही पाण्याचाच आहे. पत्र्यांना डब्यात बंद कर आणि डबा जमिनीला जोड. त्याने ते केले आणि आकडा स्थिरावला. तीन वर्षांच्या पदविकेत ही अडचण त्याला कधी आली नव्हती, कारण पेटीत ती येऊच शकत नाही.

सरकारकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने ह्यांच्या प्रयोगशाळा संध्याकाळी तालुक्यातल्या कोणालाही खुल्या असाव्यात. साहाय्यकांची पदे भरावीत. जळालेल्या साहित्याचा खर्च हा अपव्यय न मानता शिक्षणखर्च मानावा. भाषेचाही प्रश्न आहे. घरी गोंडी वा छत्तीसगढी, शाळेत मराठी आणि तंत्रनिकेतनात इंग्रजी अशी कसरत दरेकशाचे मूल करते; मातृभाषेतून अभियांत्रिकी शिकविण्यास २०२१ पासून परवानगी आहे, पण परवानगी म्हणजे पुस्तक नव्हे. आणि सर्वांत निकडीचे म्हणजे, सार्वजनिक पैशातून घेतलेल्या प्रत्येक उपकरणाची सर्किट आकृती आणि सुटे भाग देण्याची अट खरेदीच्या करारातच असावी. ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली एक संकेतस्थळ काढले. ग्राहकाला जो हक्क आहे तो ग्रामपंचायतीला का नसावा?

पण सरकार हे करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येक तालुका शाखेने पुढचे धान येण्यापूर्वी दोन गोष्टींची नोंद करावी. तालुक्यात सार्वजनिक मालकीची कोणती इलेक्ट्रॉनिक उपकरणे बंद पडून आहेत आणि किती दिवसांपासून, ही एक. आणि तालुक्यात इलेक्ट्रॉनिक्सचे प्रमाणपत्र, पदविका किंवा पदवी घेतलेले किती तरुण-तरुणी आहेत व ते आज काय काम करतात, ही दुसरी. दोन्ही याद्या एकाच कागदावर लिहून साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. सालेकसा तालुक्याची यादी आमच्याकडे आलेली आहे. ती पुढील अंकात छापू.